अंजीर-चीजचं सतरावं लेबल

(बकरीच्या दुधाचं चीज बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यातली चाचणीची खोली. दुपार. टेबलावर लेबलांचे नमुने पसरलेले.)

भाची : गेल्या लेबलवर मीठ सहाव्या जागी होतं. या लेबलवर ते आठव्या जागी आहे.

लेबलवाला : मी काही हलवलेलं नाही, मॅडम. तुम्ही लिहून पाठवलंत तसंच उतरवलंय.

भाची : तुमची चूक म्हणत नाही मी. यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, जे जास्त ते वर. मीठ आम्ही कमी केलेलं नाही. पूर्वीही एक पूर्णांक दोन टक्के होतं, आजही तेवढंच आहे. म्हणजे दुसरं काहीतरी त्याच्या डोक्यावर चढून बसलंय.

लेबलवाला : काय?

भाची : अंजिराचा अर्क. एक पूर्णांक चार. आणि तो पातळ असल्यामुळे चीज पाणी सोडतं, ते पाणी धरून ठेवायला स्टार्च. तोही वर गेलाय.

लेबलवाला : मग मीठ वाढवा की थोडं. आपोआप जागेवर येईल.

भाची : लेबल बरं दिसावं म्हणून चीज खारट करू?

लेबलवाला : मी आपलं सुचवलं. माझी अडचण वेगळीच आहे. ही एकशेवीस ग्रॅमची डबी. हिच्याभोवती ही पट्टी. अक्षर एक मिलिमीटरपेक्षा बुटकं करता येत नाही, नियम आहे. यादीत नावं एकोणतीस. पट्टी डबीला एक वेढा घालते, तुमच्या यादीला दीड लागतोय.

भाची : मग काय करायचं?

लेबलवाला : बकरीचं चित्र काढायचं.

भाची : बकरीच्या चीजवरून बकरी काढायची?

लेबलवाला : यादीत आहे की ती. एकदा नाही, दोनदा आहे. पहिल्या ओळीत ‘बकरीचे दूध’. आणि हे बघा, एकोणिसाव्या जागी, ‘बकरीचा स्वाद, निसर्गसदृश’. मला आधी वाटलं, टाइप करताना हात घसरला तुमचा.

भाची : नाही घसरला.

लेबलवाला : बकरीच्या दुधात बकरीचा स्वाद वरून घालता?

भाची : घालावा लागतो. अंजीर इतकं झालं की बकरी लागेना. लोकांनी पत्रं पाठवली, हे बकरीचं आहे कशावरून.

लेबलवाला : आणि त्याच्या खालीच ‘बकरीचा उग्र वास झाकणारा पदार्थ’.

भाची : तो आधीचा. तीन वर्षांपूर्वीचा. तेव्हा पत्रं उलटी यायची. चीजला बोकडाचा वास येतो म्हणून.

लेबलवाला : म्हणजे एका हातानं बकरी झाकायची आणि दुसऱ्या हातानं काढून दाखवायची. मॅडम, मी गेली वीस वर्षं लेबलं छापतोय. साबणाच्या यादीत एवढी माणसं नसतात.

भाची : माणसं नाहीत ती.

लेबलवाला : मला माणसंच वाटतात. एकाला बोलावलं की त्याला सांभाळायला दुसरा, दुसऱ्याची समजूत घालायला तिसरा. लग्नघर झालंय हे. ही बघा, तुमची सगळी जुनी लेबलं मी जपून ठेवलीयत. पहिलं : दूध, अंजीर, विरजण, मीठ, दूध गोठवायचं रेनेट. संपलं. केवढी मोकळी जागा, बकरी कशी ऐसपैस उभी आहे. आणि हे आजचं सतरावं. हिला पाय ठेवायला जागा नाही.

भाची : चौथ्यापर्यंत पाचच नावं होती.

लेबलवाला : पाचव्यापासून सुरू झालं बघा. एक काम करू या का? झाकणावरच्या या दोन ओळी काढू. ‘प्रत्येक घाणा मी स्वतः चाखून पास केला आहे’ आणि खाली मामांची सही. ती उडवली तर यादी झाकणावर सरकवता येईल.

भाची : ते माझ्यासमोर बोललात ते बोललात. त्यांच्यासमोर बोलू नका.

लेबलवाला : बरं. पण चारला मशीन लागतंय. तोवर काहीतरी सांगा.

मामा : अंजीर कुठं आहे?

भाची : ये मामा. बस.

मामा : बसायला नाही आलो. सकाळच्या घाण्यातलं वाटीभर खाल्लं मी. सबंध वाटी. अंजिराचा पत्ता नाही. तू घालतेस की नुसती बाटली दाखवून आणतेस?

भाची : एक पूर्णांक चार टक्के घातलंय.

मामा : टक्के तुझ्या वहीत. मी जिभेबद्दल बोलतोय. दीड कर.

भाची : बाटलीवर लिहिलंय, शून्य पूर्णांक दोन पुरे.

मामा : बाटलीवाल्याला काय कळतंय? तो बाटल्या विकतो. हे गृहस्थ कोण?

लेबलवाला : मी लेबलवाला, काका. दहा वर्षं येतोय की.

मामा : हां हां. चष्मा बदललास, ओळखलं नाही. तू सांग, तुला लागतं का अंजीर?

लेबलवाला : काका, खरं सांगू? मला फाटकापाशीच लागलं. मी समजलो, आत कुणीतरी अंजिराचा मुरंबा करपवलाय.

मामा : तुम्हा लोकांची नाकं शाईनं गेलेली असतात.

लेबलवाला : असतील. असतील, काका. पण आत्ता जो काय… मॅडम, तुम्हाला येतोय का?

भाची : येतोय.

मामा : काय येतंय?

लेबलवाला : काका, तुमच्या मागं.

मामा : हा होय. हा आपला जावईबापू. दार उघडं राहिलं वाटतं. ये रे, ये. घाबरू नकोस, तो काही करत नाही. त्याचं कामच ते, काही न करणं. म्हणून तर जावईबापू.

लेबलवाला : घाबरलो नाहीये मी. फक्त श्वास बंद केलाय.

मामा : का?

लेबलवाला : काका, बोकड आहे तो. जातिवंत आहे. डोळ्यांतून पाणी आलं माझ्या.

भाची : तुम्ही ती खिडकी उघडता का जरा?

लेबलवाला : उघडलीय, मॅडम. तुम्हीच मघाशी उघडलीत. हा माझ्याकडे बघून हसतोय कशाला?

भाची : हसत नाहीये. बोकडाला एखादा वास नीट पारखून घ्यायचा असला की तो वरचा ओठ असा दुमडून वर करतो. तुमचा वास घेतोय तो.

लेबलवाला : मी त्याचा घेतोय, तो माझा घेतोय. फिटंफाट झाली.

भाची : मामा, याला तर आपण टेकडीपलीकडच्या गोठ्यात ठेवतो ना? दुधाच्या बकऱ्यांपासून लांब?

मामा : ठेवायचो.

भाची : ठेवायचो म्हणजे?

मामा : तिथं वारा किती लागतो. कुडकुडायचा बिचारा. पाय आखडायचे त्याचे. म्हणून इकडे आणला, सोबतीला.

भाची : इकडे म्हणजे कुठं?

मामा : दूध काढायच्या खोलीला लागून ती गवताची खोली नाही का. तिथं.

भाची : दूध काढायच्या खोलीला लागून.

मामा : मधे भिंत आहे.

भाची : भिंतीला वरून हातभर फट आहे, हवा खेळावी म्हणून.

मामा : म्हणून तर बरं. त्याला गुदमरायला होत नाही.

भाची : केव्हापासून, मामा?

मामा : झाले की. तू ते नवं मोजायचं यंत्र आणलंस त्या थंडीत. माझा तो मोठा ताप गेल्यावर.

लेबलवाला : पाचवं लेबल त्याच थंडीतलं.

भाची : तीन वर्षं.

मामा : तीन तर तीन. एवढं काय झालं?

भाची : तीन वर्षं मी दुधाला तो वास का येतो ते शोधतेय. चारा बदलला. भांडी बदलली. पाणी तपासलं. बकऱ्यांच्या पोटाची औषधं झाली. दोन बकऱ्या तर मी उगीच दुसऱ्याला देऊन टाकल्या, त्यांच्यावर संशय घेऊन. दूध वास कसं धरतं ते तुला माहीत आहे. झाकण न लावता कांद्याशेजारी ठेवलं तर कांद्याचं होतं. आणि त्याच्या शेजारी बोकड.

लेबलवाला : काखेत कळसा आणि गावाला वळसा.

भाची : मी त्या खोलीचं दार कधी उघडलंच नाही. तू म्हणालास, आत गवत आहे. मला गवतानं शिंका येतात.

मामा : गवत आहेच आत. त्याला खायला.

भाची : बोकडाला माजाच्या दिवसांत दुधापासून दोनशे पावलं लांब ठेवायचं, हे मला कुणी शिकवलं?

मामा : मीच शिकवलं असेल.

भाची : पावलं मोजून दाखवली होतीस. मी नऊ वर्षांची होते. मला एकशेनव्वदच भरली, तर म्हणालास, तुझी पावलं मोठी आहेत, पुन्हा मोज.

मामा : तो वेगळा बोकड होता. तो भयंकर घाण मारायचा. हा स्वच्छ आहे.

लेबलवाला : काका…

मामा : काय काका? मी रोज दोन तास त्याच्याजवळ बसतो. मला नाही कधी आला.

लेबलवाला : रोज दोन तास?

मामा : रोज.

लेबलवाला : मी बाहेर जाऊन उभा राहतो, मॅडम. तुमचं होऊ द्या.

मामा : बाहेर कशाला? बस. तू तिऱ्हाईत माणूस, तू खरं बोलशील. किती घाण येते याला?

लेबलवाला : कशाच्या मानानं सांगू?

मामा : सांग कशाच्याही.

लेबलवाला : लहानपणी आमच्या घराच्या माळ्यावर मांजर मेलं होतं. आठ दिवसांनी सापडलं. तर, आता मला त्या मांजराबद्दल वाईट वाटतंय. उगाच नावं ठेवली त्याला.

मामा : हं.

भाची : मामा, बस खुर्चीवर.

मामा : बसतो. आणि सगळ्यांनाच येतो हा? कामावरच्या बायकांना?

भाची : येत असणार. त्या तोंडाला फडकं बांधतात ना.

मामा : मला वाटलं, स्वच्छतेसाठी. मी तर कौतुक केलं त्यांचं.

लेबलवाला : अहो मॅडम, त्यानं पहिलं लेबल खाल्लं.

भाची : खाऊ दे.

लेबलवाला : सतरावं पुढं केलं तर तोंड फिरवतोय. कमाल आहे.

मामा : तू एवढी शांत कशी गं? मला बोकडाचा वास येत नाही हे ऐकून तू दचकलीसुद्धा नाहीस.

भाची : बोकडाचं मला आज कळलं.

मामा : आणि बाकीचं?

भाची : दोन वर्षांपूर्वी मी तुझ्यासमोर तीन-तीन वाट्या ठेवायचे. आठवतं? म्हणायचे, यातली वेगळी कुठली ते सांग. दोन साध्या चीजच्या, एक अंजिराची.

मामा : आठवतं. बारा दिवस चाललं होतं. मी सांगितलं होतं बरोबर.

भाची : बारांपैकी चार वेळा. तीनातली एक डोळे मिटून उचलली, तरी बारात सरासरी चारच बरोबर येतात.

मामा : चार म्हणजे काही शून्य नाही.

भाची : मामा, शून्य आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. सतत चुकायलाही वास कळावा लागतो. चार म्हणजे काहीच कळत नाही.

मामा : हे तू मला तेव्हा सांगितलं नाहीस.

भाची : नाही.

मामा : का?

भाची : रोज सकाळी ठरवायचे, आज सांगायचं. मग तू वाटी घेऊन यायचास, म्हणायचास, अंजीर कमी आहे. आणि मी थेंबभर वाढवायचे. थेंब घालायला सोपा होता. तो वाढला की कडू लागायचं, म्हणून कडवटपणा झाकणारं घातलं. मग रंग फिका पडला म्हणून रंग. मग पाणी सुटलं म्हणून स्टार्च, स्टार्चला बुरशी येऊ नये म्हणून आणखी एक. त्या यादीतले निदान चौदा पदार्थ मी दुधासाठी घातलेले नाहीत. तुला एक वाक्य बोलावं लागू नये म्हणून घातलेत.

लेबलवाला : चौदा नाही, मॅडम. मी मोजतोय, पंधरा होतात. बकरीचा स्वाद धरून.

भाची : पंधरा.

मामा : पंधरा पदार्थ. मी काय वाघ होतो का, चावायला?

भाची : तू वाघ असतास तर सांगितलं असतं.

मामा : मला वाटायचं, अंजीरच हल्ली खराब येतात. झाडं म्हातारी झाली असतील. मग वाटलं, साबणालाही हल्ली वास नसतो. कॉफीलाही नाही. पेपरात रोज भेसळीच्या बातम्या. मी म्हटलं, जगच पातळ झालंय.

लेबलवाला : मला तसं कितीदा वाटतं, काका. नाक शाबूत असून.

मामा : पण मला काही दिवसांनी कळलं होतं. अगदी नाही असं नाही. गॅस चालू राहिला होता एकदा, शेजारीण धावत आली. तिला म्हटलं, सर्दी झालीय.

भाची : तू मला सांगितलं नाहीस.

मामा : तू मला सांगितलं नाहीस, मी तुला सांगितलं नाही. बोकड तेवढा प्रामाणिक निघाला.

भाची : रोज सकाळी चाखत काय होतास मग?

मामा : आठवत होतो. चमचा तोंडात घालायचा, डोळे मिटायचे आणि पूर्वी कसं लागायचं ते आठवायचं. कधी कधी यायचं बरं का, खरंच यायचं. मग मी सही करायचो. ज्या दिवशी आठवायचं नाही, त्या दिवशी म्हणायचो, अंजीर कमी आहे.

भाची : आणि मी थेंब वाढवायचे.

मामा : रडू नकोस. तुझं नाक चोंदलं तर इथं कुणाचंच चालायचं नाही.

भाची : रडत नाहीये. वास झोंबतोय.

मामा : मला एक सांग. चव न कळणारा माणूस चीजच्या कारखान्यात काय म्हणून बसतो? याच्यासारखा? हे बघ, त्याला निदान पोरं होतात.

भाची : दूध गोठून झालेल्या दह्याला सुरी कधी लावायची ते अजून तूच सांगतोस. बोट घालून.

मामा : ते काय, कुणीही सांगेल.

भाची : नाही सांगू शकत. माझ्याकडे घड्याळ आहे, तापमापक आहे, आंबटपणा मोजायचं यंत्र आहे. गेल्या महिन्यात तू दोन दिवस गावाला होतास. दोन्ही दिवशी मी यंत्रावर विसंबून कापलं. दोन्ही घाण्यांचा भुगा झाला.

मामा : भुगा? मला नाही दाखवलास.

भाची : बकऱ्यांना घातला.

मामा : आणखी एक गोष्ट नाही सांगितलीस.

भाची : सांगतेय ना आता.

लेबलवाला : मॅडम, वाईट वाटून घेऊ नका, पण साडेतीन वाजलेत. मी छापायचं काय?

मामा : हो, सांग त्याला. किती वेळ नाक मुठीत धरून बसेल बिचारा.

भाची : लिहून घ्या. बकरीचं दूध.

लेबलवाला : बकरीचं दूध.

भाची : विरजण. मीठ. रेनेट.

लेबलवाला : पुढं?

भाची : पुढं काही नाही.

लेबलवाला : अंजीर?

भाची : अंजीर तूर्त बंद. जावईबापू टेकडीपलीकडे जातील. दूध स्वच्छ यायला लागलं, दोन-तीन महिने नुसतं साधं चीज नीट जमलं, की मग बघू. आणि घालू तेव्हा फळाचे तुकडे घालू. बाटली नाही.

मामा : त्याला थंडी वाजेल तिकडे.

भाची : पोत्याची झूल शिवून देते मी त्याला. भिंतीला तट्ट्या लावून घेऊ.

मामा : आणि मी दोनशे पावलं चालत जाईन रोज. ठीक आहे. चालणं होईल.

लेबलवाला : एकोणतिसाचे चार झाले. पट्टी पाऊणच्या वर मोकळी पडली, मॅडम. एवढ्या जागेचं आता करू काय?

भाची : मोकळी ठेवा.

लेबलवाला : मोकळी? लोकांना वाटेल, छापायचं राहिलं.

मामा : वाटू दे. बकरीला बसव खाली. दमली असेल उभी राहून.

लेबलवाला : बसलेली बकरी नाहीये माझ्याकडे. आणि ते झाकणावरचं… ते मी विचारणार नव्हतो. मॅडम म्हणाल्या होत्या, विचारू नका.

मामा : काय म्हणाली होती?

लेबलवाला : काही नाही. जागा आहे आता भरपूर. राहू दे ते तसंच.

मामा : सहीचं म्हणतोस होय. हिला विचार.

भाची : मामा…

मामा : मला नको विचारूस. मी म्हणेन, राहू दे. उद्या सकाळी मी वाटी घेऊन उभा राहणार, मला माहीत आहे मी. तीस वर्षांची सवय आहे. तू पुन्हा थेंब वाढवशील. याला अठरावं लेबल छापावं लागेल.

लेबलवाला : माझी काही ना नाही.

मामा : तू गप्प बस. बोल गं.

भाची : उद्या सकाळी दह्याला बोट तू लावायचंस.

मामा : ते झालं. पुढचं बोल.

भाची : वाटीत काढून आणलंस तर मी खाईन. तुझ्यासमोर खाईन.

मामा : तेही झालं. दोन वर्षं ठरवतेयस ना? मग बोल.

भाची : उद्यापासून चव मी बघणार, मामा. तू नाही.